जॉन लेनन आणि पॉल मॅककार्टनी यांची लहानपणीची घरं: कसं जायचं, आत काय पाहायचं

इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या दक्षिण भागात, एकमेकांपासून साधारण मैलभर अंतरावर, 'बीटल्स' या बँडमधल्या दोघांची लहानपणीची दोन घरं आहेत. पहिलं २५१ मेनलव्ह ॲव्हेन्यू, नाव 'मेंडिप्स'. जॉन लेनन पाचव्या वर्षापासून इथे आपल्या मिमी मावशीकडे वाढला. दुसरं २० फोर्थलिन रोड. पॉल मॅककार्टनीचं कुटुंब १९५५ मध्ये इथे राहायला आलं आणि १९६४ पर्यंत राहिलं. दोन्ही घरं आज नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहेत आणि दोन्ही १९५०च्या दशकात होती तशी पुन्हा लावलेली आहेत. दोन्हीकडे जायची रीतही एकच. ती ठाऊक नसली की माणूस फाटकाबाहेर फोटो काढतो आणि परत फिरतो.

तिकीट नेमकं कशाचं आहे ते आधी पाहा

आत जायचं असेल तर नॅशनल ट्रस्टची सहल आगाऊ बुक करावीच लागते. ट्रस्टची मिनीबस ठरलेल्या जागेवरून उचलते, दोन्ही घरं दाखवते आणि परत आणून सोडते. दारावर तिकीट मिळत नाही. स्वतःची गाडी किंवा टॅक्सी करून थेट गेलात तरी आत सोडत नाहीत. हा हट्ट नाही, त्याला कारण आहे. फोर्थलिन रोड हा अरुंद, राहता रस्ता आहे. दोन्ही बाजूंना लोकांचे संसार चालू आहेत आणि गाड्या लावायला जागा नाही. घरातल्या खोल्याही इतक्या लहान की एका मिनीबसएवढी माणसं आत शिरली की घर भरतं.

नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. शहरात बीटल्सच्या नावाने रंगीबेरंगी बसगाड्या फिरतात, टॅक्सीवाल्यांच्याही फेऱ्या असतात. त्या मजेच्या असतात, गाण्यामुळे प्रसिद्ध झालेल्या पेनी लेन रस्त्यापासून सगळं दाखवतात, पण या दोन घरांसमोर त्या फक्त थांबतात. आत नेत नाहीत. तिकिटावर 'बीटल्सची घरं' असं काही दिसलं म्हणून खूश होऊ नका. आतला प्रवेश नॅशनल ट्रस्टच्याच संकेतस्थळावरच्या बुकिंगने मिळतो. दोन्ही करायचं असेल तर बसची फेरी आदल्या दिवशी करा आणि घरं दुसऱ्या दिवशी. एका दिवसात दोन्ही कोंबली की घरं पाहताना डोकं भरलेलं असतं.

बुकिंग

सहली रोज नसतात आणि ऐन थंडीत घरं बंद असतात. त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी घरांच्या तारखा बघाव्यात. उलट क्रमाने गेलं तर हमखास घोळ होतो. ऑगस्टच्या अखेरीस शहरात बीटल्सप्रेमींचा मोठा आठवडा भरतो. तेव्हा जागा लवकर संपतात आणि हॉटेलंही महागतात. लिव्हरपूल किंवा एव्हर्टन या क्लबांचा घरच्या मैदानावर फुटबॉलचा सामना असेल त्या दिवशीही हॉटेलं आणि आगगाड्या तुडुंब असतात. फुटबॉलशी काही देणंघेणं नसलं तरी सामन्यांचं वेळापत्रक एकदा पाहून घ्या.

बुक करताना चार गोष्टी तपासा. पहिली, निघायची जागा. ती निरनिराळ्या सहलींना निरनिराळी असू शकते आणि मधूनमधून बदललेलीही आहे, तेव्हा एखाद्या जुन्या प्रवासवर्णनावर विसंबू नका. तुमच्या पुष्टीच्या ईमेलमध्ये लिहिलेली जागाच खरी. दुसरी, वेळ. ती ब्रिटनची घड्याळाची वेळ असते. तिसरी, जिने चढण्याबद्दलच्या सूचना. दोन्ही घरं दुमजली आहेत, जिने अरुंद आहेत, आणि ज्यांना जिना जमत नाही त्यांना फक्त खालचा मजला पाहता येतो. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर हे आधीच विचारून ठेवा. चौथी, पैसे. तिकीट पौंडात असतं. भारतातलं कार्ड वापरणार असाल तर त्यावर परदेशी व्यवहार सुरू केलेले आहेत ना, ते आदल्या दिवशी बँकेच्या ॲपमध्ये पाहा. नव्या कार्डांवर ती सोय मुळात बंदच असते, आणि पैसे भरण्याच्या पानावर अडकून पडलात की तेवढ्या वेळात जागा दुसरा कुणी घेतो. ट्रस्टचं सभासदत्व असलं तरीही बुकिंग करावंच लागतं. सभासदाचा दर निवडला तर कार्ड बरोबर ठेवा.

पोचायचं कसं

लंडनहून यायचं तर यूस्टन स्टेशनवरून लिव्हरपूल लाइम स्ट्रीटला थेट गाडी आहे, साधारण सव्वादोन तास. सकाळी निघून दुपारची सहल आणि रात्री परत, असं करता येतं, पण मग हाताशी वेळ उरत नाही. गाडी अर्धा तास उशिरा आली तर मिनीबस थांबत नाही. एक रात्र लिव्हरपूलमध्ये काढा.

शहराच्या मध्यातून दक्षिणेकडे जायला लिव्हरपूल साउथ पार्कवे हे स्टेशन सोयीचं. लोक चुकतात ते इथे: लाइम स्ट्रीटला उतरलं की खाली भुयारी फलाट दिसतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. ती मर्सीरेलची, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेची, विरल लाइन आहे, ती नदीखालून पलीकडे नेते. साउथ पार्कवेसाठी मर्सीरेलची नॉर्दर्न लाइन हवी. ती लिव्हरपूल सेंट्रल स्टेशनवरून सुटते, हंट्स क्रॉसच्या दिशेने. लाइम स्ट्रीट ते सेंट्रल चालत पाच-सात मिनिटं. किंवा लाइम स्ट्रीटच्याच वरच्या, मुख्य फलाटांवरून साउथ पार्कवेला थांबणारी गाडी पकडा.

तुमची सहल स्पीक हॉलवरून निघत असेल तर आणखी एक टप्पा असतो. स्पीक हॉल हा ट्यूडर काळातला लाकडी चौकटींचा वाडा, विमानतळाच्या शेजारी, तोही नॅशनल ट्रस्टचाच. साउथ पार्कवेवरून तो चालत जाण्याजोगा जवळ नाही. टॅक्सी करा, नाहीतर बस आणि वर थोडं चालणं धरा. तासभर आधी पोचलात तर वाड्याचा परिसर पाहता येतो आणि स्वच्छतागृहही तिथेच उरकता येतं. हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण घरांमध्ये पाहुण्यांसाठी स्वच्छतागृह नाही आणि सगळी सहल साधारण अडीच तासांची असते.

मोठ्या बॅगा आणू नका. मिनीबसमध्ये त्या मावत नाहीत, घरात नेता येत नाहीत. आणावी ती छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट. पाऊस कधीही येतो आणि ओल्या छत्र्या घेऊन त्या चिंचोळ्या दारात उभं राहणं सगळ्यांनाच गैरसोयीचं.

दारात काय होतं

प्रत्येक घराच्या दारात तिथले गाइड तुम्हाला घेतात. पिशव्या, कॅमेरे आणि फोन तिथेच जमा करून कुलपात ठेवतात. आत छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रण सक्त मना आहे. भिंतींवरच्या छायाचित्रांचे हक्क दुसऱ्यांकडे आहेत, हे त्याचं एक कारण. बाहेरून हवे तेवढे फोटो काढा, पण सहल संपल्यावर 'आता काढू' म्हणून ठेवू नका. मिनीबस निघायच्या घाईत असते. उतरल्याउतरल्या एक काढून घ्या.

फोन नसल्यामुळे एक फायदा होतो: लोक खरोखर बघतात. काही टिपून ठेवायचं असेल तर कागदाची छोटी वही आणि पेन्सिल खिशात ठेवा.

मेंडिप्स: मावशीचं घर

जॉन म्हणजे कामगारवस्तीतला बंडखोर पोरगा, अशी समजूत घेऊन आलेला माणूस इथे पहिल्यांदा गडबडतो. मेंडिप्स हे १९३३ साली बांधलेलं, मध्यमवर्गीय, जोडघरातलं अर्धं घर आहे. पुढे-मागे बाग, खिडक्यांना रंगीत काचा, आणि नोकराला बोलावण्यासाठीच्या घंटांची व्यवस्थासुद्धा. नोकर अर्थातच नव्हते. मिमीचे यजमान जॉर्ज स्मिथ १९५५ मध्ये अचानक वारले आणि घरखर्च भागवायला मिमी विद्यार्थी भाडेकरू ठेवायची. घराला सॉमरसेटमधल्या डोंगररांगेचं नाव आहे, आणि असं नाव असणं हीच त्या काळी एक प्रतिष्ठा होती.

आत तीन जागांवर थांबा.

पहिली, पुढचं काचेचं पोर्च. मिमीला गिटारचा आवाज घरात सोसत नसे, म्हणून जॉनची रवानगी तिथे व्हायची. जागा दोन माणसं उभी राहतील एवढीच, पण काच आणि फरशी यांमुळे आवाज घुमतो. जॉन आणि पॉलला तो घुमणारा आवाज आवडायचा. गाइडची परवानगी घेऊन तिथे एक टाळी वाजवा किंवा एखादा सूर गुणगुणा. वर्णनाने जे कळत नाही ते दोन सेकंदांत कळतं.

दुसरी, त्या पोर्चच्या बरोबर वरची जॉनची खोली. एक पलंग आणि थोडीशी जागा. भिंतीवर गायक एल्विस आणि फ्रेंच नटी ब्रिजित बार्दो यांची चित्रं. वयात येणाऱ्या मुलाच्या खोलीत जे असतं तेच. एका वेळी दोघं-तिघंच आत मावतात, म्हणून रांगेत शेवटी राहणं शहाणपणाचं. मागून कुणाची घाई नसते.

तिसरी, स्वयंपाकघर. मधल्या मालकांनी ते बदलून टाकलं होतं. ट्रस्टने ते ५०च्या दशकातल्या पद्धतीने नव्याने लावलं आहे. म्हणजे तुम्ही बघता ते कपाट त्या काळचं असेल, पण मिमीचंच असेल असं नाही.

घर योको ओनो यांनी २००२ मध्ये विकत घेऊन ट्रस्टला दिलं आणि २००३ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. पुढच्या भिंतीवर निळी गोल पाटी आहे.

बाहेर आलात की रस्त्याकडे नीट बघा. मेनलव्ह ॲव्हेन्यू रुंद आहे, मध्ये दुभाजक आहे आणि गाड्या वेगात असतात. जॉनची आई ज्युलिया १५ जुलै १९५८ रोजी मिमीला भेटून बसथांब्याकडे जाताना याच रस्त्यावर, घरापासून हाकेच्या अंतरावर, मोटारीखाली सापडून गेली. फोटोसाठी मागे सरकत सरकत रस्त्यात उतरू नका.

फोर्थलिन रोड: गाणी इथेच का झाली

हे कौन्सिल हाउस. म्हणजे नगरपालिकेने बांधून माफक भाड्याने दिलेलं, ओळीतलं एक घर. आपल्याकडच्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतींची आठवण येते. पॉलची आई मेरी सुईण होती, त्यामुळे घरात टेलिफोन होता, जो त्या वस्तीत सहसा नसे. घरातच न्हाणीघर आणि संडास, ही या कुटुंबासाठी मोठी चैन होती. नव्या घरात येऊन फार दिवस झाले नाहीत तोच, ऑक्टोबर १९५६ मध्ये, मेरी कर्करोगाने गेली.

वडील जिम कापसाच्या व्यापारातले विक्रेते. अमेरिकेतल्या यादवीच्या दिवसांत आपल्या वऱ्हाडचा कापूस ज्या लिव्हरपूलच्या बाजारात उतरत होता, त्याच बाजारातला हा पगारदार माणूस. तरुणपणी त्याचा स्वतःचा जॅझ बँड होता आणि पुढच्या खोलीत पियानो होता. आता दोन्ही घरं जोडून पाहा: मेंडिप्समध्ये मावशी दिवसभर घरी, आणि गिटार म्हटलं की पोर्च. फोर्थलिन रोडला आई नाही, वडील कामावर, दुपारी घर रिकामं, शिवाय पियानो. शाळा-कॉलेज चुकवून दोन पोरं कुठे जमणार हे सांगायला नको. ही साखळी डोक्यात ठेवून आत शिरलात तर प्रत्येक खोलीचा अर्थ लागतो. नाहीतर तुम्हाला एक जुनं घर दिसेल, तेवढंच.

म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ पुढच्या छोट्या खोलीला द्या. जॉन आणि पॉल इथे समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या अंतरावर बसत. पॉल डावखुरा असल्यामुळे दोन गिटारींची टोकं एकाच बाजूला येत आणि एकमेकांना अडत नसत. समोरच्याची बोटं आरशात पाहावीत तशी दिसत. टेपरेकॉर्डर नव्हता. दुसऱ्या दिवशी जी चाल आठवली ती राहिली. 'आय सॉ हर स्टँडिंग देअर' याच खोलीत पुरं झालं. 'व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर' हे १९६७ मध्ये बाहेर आलेलं गाणं, पण त्याची चाल पॉलने इथल्या पियानोवर किशोरवयातच बांधली होती.

या खोलीत भिंतींवरचा कागद नीट पाहा: सगळीकडे नक्षी सारखी नाही. जिमने दुकानातले उरलेले तुकडे स्वस्तात आणून लावले होते. गालिचाही तुकडे जोडून केलेला. ट्रस्टने हे मुद्दाम तसंच पुन्हा केलं आहे. कुणी नवखा पाहुणा 'काम अर्धवट राहिलंय' म्हणतो ते यालाच.

वरच्या मजल्यावर मुलांच्या खोल्या. जिमने खालच्या रेडिओपासून वायर वर नेऊन दोघा मुलांच्या पलंगापाशी हेडफोन जोडून दिले होते. रात्री अंथरुणात पडून गाणी ऐकता यावीत म्हणून. मागच्या अंगणात उतरलात की भिंतीला लागून वर गेलेला सांडपाण्याचा उभा पाइप पाहा. उशीर झाला आणि किल्ली नसली की पॉल त्यावरून चढून न्हाणीघराच्या खिडकीतून आत शिरायचा.

मूळ काय, आणलेलं काय

पुनर्बांधणी केलेलं घर पाहताना हा प्रश्न विचारायला लाजू नका. गाइडना तो आवडतो, कारण उत्तर त्यांच्याकडे असतं आणि लोक फक्त पॉलचा पलंग कोणता तेवढंच विचारतात.

दोन्ही घरांत पुराव्याची जात वेगळी आहे. फोर्थलिन रोडला पॉलचा धाकटा भाऊ माइक याच्या हातात कॅमेरा होता. त्याने घरात काढलेली छायाचित्रं ट्रस्टला मिळाली. त्यांच्यावरून खोल्या लावल्या, आणि तीच छायाचित्रं त्या त्या खोलीत टांगली आहेत. त्यामुळे फोटोत दिसते ती शेगडी आणि समोरची शेगडी ताडून पाहता येते. हा खेळ जरूर खेळा: फोटो ज्या कोपऱ्यातून काढला तिथे उभे राहा आणि चौकट जुळवा. मेंडिप्समध्ये असा चित्रांचा साठा नव्हता. तिथे आठवणी, घराच्या मूळ खुणा आणि त्या काळच्या वस्तू यांवर भर आहे. म्हणून मेंडिप्समध्ये भिंती, काचा, पोर्च, जिना यांच्यावर जास्त विश्वास ठेवा, सामानसुमानावर कमी.

ट्रस्टने फोर्थलिन रोडचं घर १९९५ मध्ये घेतलं आणि १९९८ मध्ये उघडलं. राजवाडे आणि जहागिरदारांच्या हवेल्या सांभाळणाऱ्या संस्थेने कौन्सिलचं घर घ्यावं का, यावर तेव्हा नाकं मुरडली गेली होती. २०१२ मध्ये दोन्ही घरांना वारसा इमारतींच्या यादीत दुसऱ्या श्रेणीत स्थान मिळालं.

जाण्याआधी ऐकून ठेवा, आल्यावर चालून या

आदल्या रात्री १९६३चा 'प्लीज प्लीज मी' हा पहिला अल्बम एकदा ऐका. त्यातलं पहिलंच गाणं 'आय सॉ हर स्टँडिंग देअर' आहे, आणि फोर्थलिन रोडच्या खोलीत उभं राहिल्यावर ते कानात असतं.

सहलीनंतर वेळ उरला तर मेंडिप्सच्या मागच्या बाजूला, बीकन्सफील्ड रोडवर बीटल्सच्या गाण्यामुळे प्रसिद्ध झालेलं स्ट्रॉबेरी फील्ड आहे. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं हे बालगृह २००५ मध्ये बंद झालं. २०१९ पासून आवार लोकांसाठी खुलं आहे, आत प्रदर्शन आणि बाग आहे. रस्त्यावरची लाल फाटकं प्रतिकृती आहेत. मूळ फाटकं आत बागेत आहेत, तेव्हा बाहेरच फोटो काढून निघू नका. तिथून वुल्टन गावातलं सेंट पीटर्स चर्च चालत गाठता येतं. ६ जुलै १९५७ रोजी चर्चच्या जत्रेत जॉनचा बँड वाजवत होता आणि त्याच दिवशी पॉलशी त्याची ओळख करून दिली गेली.

बीटल्समधल्या बाकीच्या दोघांची, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार यांची लहानपणीची घरं ट्रस्टकडे नाहीत. रस्त्यावरून पाहा, दार वाजवू नका.

शहरात परतायला फोर्थलिन रोडच्या टोकाला मॅदर ॲव्हेन्यू आहे. तिथून ८६ क्रमांकाची बस पेनी लेनवरून मध्यवर्ती भागात जाते. मार्ग आणि क्रमांक त्या दिवशी एकदा पाहून घ्या. सेंट पीटर्स चर्चच्या आवारात 'एलेनॉर रिग्बी' हे बीटल्सच्या गाण्यातलं नाव कोरलेला दगड सगळे शोधतात. त्याच आवारात मिमीचे यजमान, जॉनचे जॉर्ज काका यांचीही कबर आहे. तिच्यावर 'जॉर्ज टूगुड स्मिथ' असं पूर्ण नाव आहे. शोधायला वेळ लागतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंधार लवकर पडतो.